अडचण की सबब : जंगलपट्ट्यातील मुख्याध्यापकांसाठी प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक व्हायला बहुतेकदा वेगळे काही करावे लागत नाही. आधीचे सर बदलून जातात, उरलेल्यांत जो सेवेने ज्येष्ठ असतो त्याच्याकडे चार्ज येतो. एखाद्या दुपारी कपाटाच्या चाव्या, शिक्के, जनरल रजिस्टर, कॅशबुक, साठा नोंदवही, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ अशी यादी वाचली जाते आणि खाली दोन सह्या होतात. दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभा राहणारा माणूस मुख्याध्यापक असतो. यादीत तांदूळ किलोपर्यंत मोजलेला असतो, पण शाळेत काम करणाऱ्या माणसांविषयी एक ओळ नसते. कोणाला सकाळी वेळेवर निघणे का जमत नाही, वर्गात कोणाचा हात लवकर उठतो, कोणाचे कोणाशी दोन वर्षे बोलणे नाही, हे ज्याचे त्याने शोधून काढायचे. ही पुस्तिका यादीत न आलेल्या या बाबींसाठी आहे.

मुख्याध्यापकाचे पद आणि मुख्याध्यापकाचा चार्ज या दोन गोष्टी आपल्याकडे वेगळ्या आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५०हून अधिक मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीला ही मर्यादा १०० आहे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात गावेच लहान, पाडे आणि टोले विखुरलेले. तिथे दीडशेचा पट म्हणजे मोठी शाळा. त्यामुळे या भागातला मुख्याध्यापक बहुतेकदा प्रभारी असतो. तो दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतो, मधल्या सुट्टीत खिचडीची चव घेऊन चव रजिस्टरवर सही करतो, संध्याकाळी नेटवर्क सापडेल तिथे उभा राहून ऑनलाइन माहिती भरतो आणि या सगळ्यात एका किंवा दोन सहकाऱ्यांचा वरिष्ठही असतो. ज्यांचा वरिष्ठ, त्यांच्यातला एखादा डी.एड.चा वर्गमित्र निघतो, एखाद्याबरोबर तो एकाच मोटारसायकलवरून येतो आणि शिक्षक पतसंस्थेच्या निवडणुकीत दोघे एकाच पॅनेलचे असतात.

अधिकार म्हणाल तर हातात फार काही नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे नियुक्ती प्राधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी. शिक्षा करणे, निलंबित करणे, वेतनवाढ रोखणे हे सारे वरच्या कार्यालयाचे काम. मुख्याध्यापकाकडे किरकोळ रजा, हजेरीपट, हालचाल रजिस्टर, खुलासा मागणारे पत्र आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायचा अहवाल. शाळेत काही वाईट घडले की पहिला प्रश्न मात्र त्यालाच विचारला जातो. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धा, अशा जागेवर बसलेल्या माणसाने नेतृत्व करायचे म्हणजे नक्की काय करायचे, हा या विषयाचा गाभा आहे.

आता प्रदेशाकडे पाहू, कारण प्रदेश वगळून हा विषय कळत नाही. चंद्रपूरहून दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी करत इरई धरणाच्या पाण्याजवळून रस्ता मोहर्लीला येतो. मोहर्ली भद्रावती तालुक्यात, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या दारात. १९५५मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६मध्ये अंधारी अभयारण्य, १९९५मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. बफर क्षेत्र २०१०मध्ये जाहीर झाले. ऑक्टोबर ते जून गाभ्यातली सफारी चालते, मंगळवारी बंद असते. गावातली माणसे गाइड, जिप्सीचालक, रिसॉर्टचे कामगार होतात. त्याच्या जोडीला शेत, मोहफूल, तेंदूपत्ता. मोह गळायला लागला की मुले आईबापांबरोबर भल्या पहाटे रानात असतात आणि शाळेचा पट कागदावरच भरतो. या रस्त्यांवर वाघ, बिबट, अस्वल ही वाचून सोडून द्यायची बातमी नसते. दुचाकीवर येणाऱ्या शिक्षिकेने सायंकाळी किती वाजता निघायचे, हे त्यावर ठरते. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एप्रिल-मेचा चंद्रपुरी उन्हाळा इतका कडक की विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात.

या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत. पण त्यांच्याच आडोशाला सबबीही वाढतात. वाघ खरोखर रस्त्यावर असतो आणि न दिसलेला वाघही उशिराचे कारण म्हणून सांगितला जातो. नेटवर्क खरोखर नसते आणि ‘नेटवर्क नव्हते’ या वाक्याने तीन दिवसांची गैरहजेरीही झाकली जाते. या दोहोंतला फरक ओळखणे आणि ओळखल्यावर दोहोंशी वेगवेगळे वागणे, हेच माझ्या मते जंगलपट्ट्यातल्या मुख्याध्यापकाचे पहिले कौशल्य आहे. अडचणीला सबब समजले की चांगला माणूस दुखावतो आणि पुढे मनाने शाळा सोडतो. सबबीला अडचण समजले की वेळेवर येणारा शिक्षक मूर्ख ठरतो आणि महिन्याभरात तोही उशिरा येऊ लागतो. शाळा बिघडते ती बहुधा या दुसऱ्या वाटेने, आरडाओरडा न होता.

मुख्याध्यापकांना शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, १९६६च्या अहवालात जवळच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकींना आधार देण्याची शाळा-संकुलाची कल्पना मांडली. त्याच धर्तीवर नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. राज्यभर केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे ठरली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. शैक्षणिक प्रशासनाच्या प्रशिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला मिपा ही संस्था आहे. दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात २०१२मध्ये शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. त्याच्या अभ्यासक्रमात स्वतःचा विकास, गट बांधणे, समाजाशी भागीदारी असे विषय आहेत. २०१५च्या शाळासिद्धी या शाळा-मूल्यमापनाच्या चौकटीत सात क्षेत्रे होती. त्यांतले एक शिक्षकांच्या कामगिरीचे व्यवस्थापन आणि व्यावसायिक विकास, दुसरे शालेय नेतृत्व. २०१९मध्ये निष्ठा प्रशिक्षण आले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला.

कागदावर यात उणे काढण्यासारखे थोडेच आहे. प्रत्यक्षात मुख्याध्यापकाच्या वाट्याला काय येते, ते या वाटेने गेलेल्या कोणालाही माहीत आहे. सुलभक पीपीटी लावतात, गट पाडले जातात, तक्त्यावर ‘आदर्श नेत्याचे गुण’ लिहिले जातात, दुपारनंतर लिंक येते, फॉर्म भरला जातो, फोटो ग्रुपवर पडतो. पोर्टल कसे भरायचे, योजना कशी राबवायची, अनुदान कसे खर्च करायचे हे बरेचसे कळते. पण सलग चौथ्या दिवशी उशिरा आलेल्या सहकाऱ्याशी पहिले वाक्य काय बोलायचे, हे कोणी शिकवत नाही. सिंगापूरमध्ये २००१पासून होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांना सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम दिला जातो. इंग्लंडने १९९७मध्ये मुख्याध्यापकपदासाठी राष्ट्रीय पात्रता सुरू केली. त्यांच्या शाळा, पगार, सोयी आपल्यासारख्या नाहीत आणि त्यांची नक्कल करण्यात अर्थही नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे : माणसांबरोबर काम करणे हे जागेवर बसल्यावर आपोआप येत नाही, ते आधी शिकावे लागते, हे त्यांनी मान्य केले आहे.

म्हणून या पुस्तिकेने सुरुवात त्या पहिल्या वाक्यापासून केली आहे. असे समजा, दोन शिक्षकी शाळा. शाळा साडेदहाला भरते. सहकारी शिक्षक अकरा-वीसला येतात, घाम पुसत म्हणतात, “सर, आज गाडीच नाही भेटली जी.” अशा वेळी तीन गोष्टी होऊ शकतात. मुख्याध्यापक हसून सोडून देतो. किंवा सगळ्या पोरांसमोर टोमणा मारतो. किंवा त्या क्षणी फक्त “वर्गावर जा, मधल्या सुट्टीत बोलू” इतके म्हणतो आणि मधल्या सुट्टीत खरोखर बोलतो. पहिल्या दोन्हींत त्रास टळल्यासारखा वाटतो, पण प्रश्न तसाच राहतो. तिसऱ्या वाटेत बोलणे कठीण असते, म्हणून तीच शिकायची.

त्या बोलण्यात आधी विचारायचे आणि मग ऐकायचे. कोणती गाडी चुकली? तिच्या आधीची कोणती? घरून किती वाजता निघता? घरी कोणी आजारी आहे का? उत्तरात अडचण निघाली तर ती शाळेची अडचण मानायची. पहिल्या तासाचे वर्ग वाटून घेता येतात का, परिपाठ कोणी घ्यायचा, सकाळची शाळा असताना रस्त्यावर उजाडायच्या आत निघावे लागते तेव्हा दोन गाड्या मिळून येता येईल का, हे दोघांनी बसून ठरवायचे. जे ठरले ते दोन ओळींत नोंदवायचे. हे झाल्यावरही तीच गाडी पुन्हा चुकत राहिली, तर मग तिला सबब म्हणायला हरकत नाही, कारण अडचण सोडवण्याची संधी आपण दिलेली असते.

मुख्यालयी राहण्याचा प्रश्न याच कसोटीवर घासून पाहावा. हा महाराष्ट्रातला जुना आणि चिघळलेला वाद आहे. नियम म्हणतो शिक्षकाने गावात राहावे; शिक्षक म्हणतात गावात राहण्याजोगे घर नाही, मुलांना शाळा नाही, रात्री दवाखाना नाही. म्हणून चंद्रपूर, भद्रावती, गडचिरोली, आलापल्लीहून अप-डाऊन चालते. घरभाड्याचा मुद्दा वरच्या कार्यालयाने पाहावा. मुख्याध्यापकाने एवढेच पाहायचे की अप-डाऊनची किंमत कोण मोजतो. शिक्षक मोजत असेल तर तो त्याचा प्रश्न. मुलांचा पहिला तास ती किंमत मोजत असेल, तर तो शाळेचा प्रश्न. हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६पासून चालते, कार्यकर्ते आवारातच राहतात. प्रत्येक गावात ते शक्य नाही. पण ग्रामपंचायतीशी बोलून एक चांगली खोली मिळवणे, तिच्या पाण्याची आणि दाराच्या कडीची व्यवस्था लावणे, हे एखाद्या शाळेला शक्य असते. आणि एकट्या शिक्षिकेसाठी त्या कडीचे मोल दहा परिपत्रकांहून जास्त असते.

बोलून भागले नाही की लिहावे लागते. इथे आपले मुख्याध्यापक दोन टोकांना जातात. काही जण कधीच लिहीत नाहीत. ‘कशाला खाजवून खरूज काढा’ म्हणून घोंगडे भिजत ठेवतात. काही जण वर्षभर गप्प राहून एक दिवस संतापाने लिहितात. असे पत्र साधारण या धर्तीचे असते : ‘आपण सतत उशिरा येता. आपले वर्तन बेजबाबदार असून शाळेची शिस्त बिघडवणारे आहे. यापुढे असे घडल्यास कडक कारवाई केली जाईल.’ या तीन वाक्यांत एक तारीख नाही, एक वेळ नाही, मुलांचे काय नुकसान झाले ते नाही. आणि ज्या कारवाईची धमकी दिली ती करण्याचा अधिकारही लिहिणाऱ्याला नाही. चौकशीत असे पत्र टिकत नाही, आणि त्याआधी दोन माणसांचे संबंध मात्र तुटतात.

त्याऐवजी हे वाचा : ‘दि. ७ जुलै रोजी शाळा १०.३० वाजता भरली. आपण ११.२० वाजता उपस्थित झालात. या वेळेत तिसरी व चौथीचे वर्ग शिक्षकाविना होते. दि. ८ रोजी आपल्याशी बोलणे झाले. आपण बसची अडचण सांगितली व आधीच्या बसने येण्याचे मान्य केले. दि. १४ व १५ रोजी आपण पुन्हा ११ नंतर उपस्थित झालात. याबाबत आपले म्हणणे तीन दिवसांत लेखी द्यावे.’ यात एकही विशेषण नाही. जे घडले ते आहे, जे ठरले होते ते आहे आणि समोरच्याला आपली बाजू मांडायला जागा आहे. वाचणारा गटशिक्षणाधिकारी असो, चौकशी अधिकारी असो की स्वतः तो शिक्षक, त्याला काय झाले ते कळते. शिक्षकाने खुलाशात ‘त्या दोन दिवशी आईला दवाखान्यात न्यावे लागले’ असे लिहिले आणि सोबत कागद जोडला, तर तिथेच विषय मिटवायची तयारीही लिहिणाऱ्याने ठेवली पाहिजे. पुस्तिकेत अशा पत्रांचे नमुने दिले आहेत, पण ते उतरवून काढण्यासाठी नाहीत. नाव-तारीख बदलून पाठवलेले पत्र समोरच्याला लगेच ओळखू येते.

पत्र कुठे द्यायचे, हाही वर्तनाचा प्रश्न आहे. हल्ली शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा असे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात आणि समज देण्याची सोपी जागा म्हणून ग्रुप वापरला जातो. ग्रुपवर दिलेली समज ही समज नसते, ती चव्हाट्यावरची बदनामी असते. पत्र हातात द्यावे, पोच घ्यावी, आणि पानटपरीवर त्याचा विषय निघाला तर गप्प बसावे.

कायद्याची शिडी मुख्याध्यापकाला पायरीपायरीने माहीत हवी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम आणि १९६४चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. तिथे प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी किंवा भामरागड प्रकल्पाकडे, अहवाल जातो आणि १९७९चे नागरी सेवा नियम लागू होतात. खाजगी अनुदानित शाळांना १९७७चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ची नियमावली. या नियमावलीत आरोपांचे निवेदन नोंदणीकृत डाकेने पाठवून सात दिवसांत खुलासा मागायचा असतो. त्रिसदस्यीय चौकशी समितीत एक प्रतिनिधी त्या कर्मचाऱ्याने निवडलेला असतो. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ तर थेट सांगते की शिक्षकाने नियमित व वेळेवर यावे, आणि कसूर झाली तरी बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कारवाई करू नये.

याच १९८१च्या नियमावलीत गोपनीय अहवालाविषयी एक तरतूद आहे, ती सरकारी शाळांतल्या मुख्याध्यापकांनीही मनावर घ्यावी. अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातले काम समाधानकारक होते असे धरले जाते. म्हणजे मुख्याध्यापकाचे मौन हेही एक प्रमाणपत्र असते. वर्षानुवर्षे सगळ्यांना ‘चांगले’ लिहायचे आणि एक दिवस त्याच शिक्षकाच्या कारवाईसाठी प्रस्ताव पाठवायचा, तर कार्यालय प्रस्ताव आणि आधीचे अहवाल शेजारी ठेवते आणि खोटे कोण ते विचारते. उलटही खरे आहे. रोज अर्धा तास आधी येऊन गोंडी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा शिक्षक असेल, तर तेही तारखेनिशी लिहिले पाहिजे. चांगल्या कामाची नोंद न करणारा मुख्याध्यापक वाईट कामाची नोंद करू लागला की ती आकसाची वाटते.

अडचण की सबब, हा प्रश्न जिथे विचारायचाच नसतो अशा काही गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे आणि ते आधी वाचावे. मुलांना मारणे, अपमान करणे : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. ‘आम्ही मार खाऊनच शिकलो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका : २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या कर्मचाऱ्याविषयी संस्थेच्या प्रमुखाने कळवले नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी आपण चौकशी करू, गावात बैठक घेऊ, पालकांना समजावू, शाळेचे नाव जाईल, असे म्हणत घालवलेला एक दिवसही गुन्ह्यात मोजला जाऊ शकतो. २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यभर जो संताप उसळला, त्यात उशिरा हललेल्या यंत्रणेविषयीचा राग मोठा होता. आश्रमशाळांत तर मुले रात्रीही आपल्याच छपराखाली असतात. तिथे अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार या प्रत्येकाचे वर्तन मुख्याध्यापकाच्या नजरेखाली येते.

सहकारी स्त्रीच्या लैंगिक छळाची तक्रारही अशीच. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. आपल्या दोन-चार शिक्षकी शाळांत ती होऊच शकत नाही. म्हणून त्या शिक्षिकेने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. ही वाट तिला सांगणे मुख्याध्यापकाचे काम आहे, ‘मिटवून घ्या’ म्हणणे नव्हे. आणि दारू. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. शाळेत प्यायलेल्या अवस्थेत आलेल्या कर्मचाऱ्याचे तोंड हुंगून निकाल देणे मुख्याध्यापकाने करू नये. मुलांपासून त्याला दूर करावे, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसमोर पंचनामा करावा, पोलीस व गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे; वैद्यकीय तपासणी त्यांनी करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आल्यावर उपचाराचा विषय जरूर काढावा. व्यसन ही अडचण असू शकते. वर्गात प्यायलेले असणे ही मात्र कधीच नाही.

मोहर्लीसारख्या पर्यटनाच्या गावात आणखी एक गोष्ट आली आहे. जमिनीचे भाव वाढले, रिसॉर्ट आणि होमस्टे उभे राहिले. शिक्षक हा गावातला शिकलेला, ओळखीचा, कागदपत्रे समजणारा माणूस. त्यामुळे प्लॉटची मध्यस्थी, बुकिंग, गाड्यांचे व्यवहार त्याच्याकडे सहज येतात. वर्तणूक नियमांनी कर्मचाऱ्याला खाजगी व्यापार करायला मनाई आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने खाजगी शिकवणीलाही. पण नियम दाखवण्याआधी मुख्याध्यापकाने खूण ओळखली पाहिजे : तासाला फोन घेऊन बाहेर जाणे वाढले आहे का, सुट्ट्या गर्दीच्या हंगामातच पडतात का. विषय लवकर काढला तर तो बोलण्यात संपतो.

हे सगळे सांगणाऱ्याने स्वतः कसे वागायचे, हे पुस्तिकेत कुठेच वेगळ्या मथळ्याखाली नाही, कारण ते प्रत्येक पानावर आहे. हजेरीपटावर पहिली सही कोणाची आणि किती वाजता, हालचाल रजिस्टरमध्ये मुख्याध्यापकाचे स्वतःचे तालुक्याला जाणे नोंदलेले असते का, पोषण आहाराचा हिशेब खिचडी शिजवणाऱ्या ताईंसमोर मोकळा असतो का, हे शिक्षक रोज पाहतात. ‘मीटिंग होती’ ही मुख्याध्यापकाची आवडती सबब आहे, हे कोणीतरी लिहायला हवे होते. या पुस्तिकेने ते लिहिले आहे.

पुस्तिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी असेल, तर उरलेल्याच्या वर्तनाचे व्यवस्थापन शिकवून काही होणार नाही. तिथे शिक्षक द्यावा लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामांना लावायला मनाई केली असताना माहिती, सर्वेक्षण, अॅप यांत मुख्याध्यापकाचा दिवस जात असेल, तर त्याच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा धरण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि मुख्याध्यापकाने नीट, तारखांनिशी, दोन्ही बाजू ऐकून पाठवलेला अहवाल तालुक्याच्या टेबलावर सहा महिने पडून राहत असेल, तर पुढचा अहवाल तो पाठवणार नाही. शिवाय ज्याच्याविरुद्ध अहवाल गेला, तो सहकारी रोज समोरच्या वर्गात असतो. २०१७पासून बदल्या ऑनलाइन झाल्याने साहेबांकडे रदबदली करून गैरसोयीचा माणूस हलवण्याची जुनी सोय बरीच कमी झाली. हे चांगलेच आहे, पण त्यामुळे असलेल्या माणसाबरोबर काम सुधारून घेणे अधिकच गरजेचे झाले.

म्हणून ही पुस्तिका एकट्याने वाचून कपाटात ठेवू नये. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत एक तास त्यासाठी काढावा. नावे न घेता एक घटना निवडावी, दोघांनी मुख्याध्यापक आणि शिक्षक होऊन ते बोलणे करून पाहावे, मग प्रत्येकाने खुलासा मागणारे पत्र लिहावे आणि शेजाऱ्याने त्यातली विशेषणे खोडावीत. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत लॉगबुकमध्ये भौतिक सुविधांच्या जोडीला एक ओळ लिहावी : मुख्याध्यापकाने या महिन्यात कोणती अडचण सोडवली आणि कोणत्या सबबीवर बोलणे केले. गटशिक्षणाधिकारी आणि प्रकल्प अधिकारी यांच्याकडे मागणी एकच आहे. अशा मुख्याध्यापकाचे पत्र आले की पंधरा दिवसांत त्याला उत्तर द्यावे, कारवाई होणार नसेल तर तसे कारणासह कळवावे. मुख्याध्यापकाला जास्त अधिकार देणे शासनाच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. मुख्याध्यापकाने आहे त्या अधिकारात पाठवलेल्या पत्राला उत्तर देणे आजच्या आज शक्य आहे, आणि त्याच्याशिवाय कोणत्याही प्रशिक्षणाचे ५० तास वाया जातील.